उलट्या घराची शेवटची फेरी

आमच्याकडे बेल वाजली की दार दादा उघडतो आणि येणाऱ्याला म्हणतो, "चपला डोक्यावर ठेवा, आत या." पहिल्यांदा आलेला माणूस गोंधळून आईकडे बघतो. दुसऱ्यांदा आलेला हसतो. पाण्याचे कॅन आणून देणारे काका तर आता खरंच एक चप्पल काढून डोक्याशी नेतात, आणि दादा इतका खूश होतो की विचारू नका.

हे वाक्य त्याचं नाही, उलट्या घरातल्या पहारेकऱ्याचं आहे. उलटं घर म्हणजे शहराबाहेरच्या पार्कमधली सगळ्यात जुनी राइड. छोट्या डब्यात बसायचं, डबा रुळांवरून खडखडत एका घरात शिरतो, आणि त्या घरात सगळं छताला चिकटलेलं. टेबल छताला, पलंग छताला, माणसांएवढ्या यांत्रिक बाहुल्या वटवाघळांसारख्या लटकलेल्या. स्वयंपाकघरातली काकू ओरडते, "दूध उतू खाली गेलं." पलंगावरचे आजोबा झोपेत बडबडतात, "मला उठवू नका, मी पडेन." आणि शेवटी येते खिडकीत अडकलेली जाडी बाई. अर्धी आत, अर्धी बाहेर, पाय झाडत म्हणते, "ढकला हो, ढकला, लाजू नका."

दादा लहानपणी बोलतच नव्हता. मग आत्याने एकदा त्याला उलट्या घरात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठवायला गेली तर पांघरुणातून आवाज आला, "मला उठवू नका, मी पडेन." आई हे सांगताना अजून हसता हसता डोळे पुसते. तेव्हापासून त्याची भाषा तीच. काही सांडलं, बिघडलं, बस चुकली, की "दूध उतू खाली गेलं". आणि बटण लागत नसेल, स्वेटर डोक्यात अडकला असेल, गर्दीत जीव घाबरा झाला असेल, थोडक्यात मदत हवी असेल, तर "ढकला हो, ढकला, लाजू नका". मदत मागायला त्याच्याकडे दुसरं वाक्य नाही. शिकवायचा प्रयत्न झाला. शिकवणीच्या बाईंनी चित्रांची कार्डं दिली. दादाने ती रंगांप्रमाणे लावून ठेवली. छान दिसतात.

तो एका लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालतो, अशा की इस्त्रीनेही लाजावं. आणि दर रविवारी पार्क उघडलं रे उघडलं की पहिल्या डब्यात तो. रविवार हुकला की त्याची वाक्यं विरायला लागतात. मागे तापात लागोपाठ काही रविवार गेले, तेव्हा बेल वाजली की तो दार उघडून नुसता उभा राहायचा. तोंड उघडं, नजर पाहुण्यावर. वाक्य घरातच कुठे तरी ठेवलंय आणि हाताला लागत नाहीये, असा.

तर पार्कने जाहीर केलं की उलटं घर बदलणार. बाहुल्या जाणार, पडदे येणार, डोळ्यांना चष्मे लावून काहीतरी अंतराळातलं दिसणार.

उलट्या घराच्या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. आम्ही स्वतःला 'उलटे' म्हणतो. मी त्यात दादासाठी शिरले आणि आता सगळ्यात जास्त मीच बोलते. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देताना माझा आवाज फुटायचा नाही. मग बाईंनी जबरदस्तीने वादविवाद स्पर्धेत ढकललं आणि मी ढाल घेऊन परत आले. तेव्हापासून तोंडाचा पट्टा जो सुटलाय तो आवरतच नाही, असं बाबा म्हणतात, आणि ते लिफ्ट दुरुस्त करतात, म्हणजे न थांबणाऱ्या गोष्टींचा त्यांना अनुभव आहे.

बातमी आली त्या दिवशी ग्रुपवर नुसता कल्ला. ग्रुपचे प्रमुख एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना सगळे दातवाले काका म्हणतात. त्यांचं म्हणणं, खिळासुद्धा हलता कामा नये. त्यावरून मूळ भिंत पिस्ता रंगाची की शेवाळी हे निघालं, आणि दोन माणसं ग्रुप सोडून गेली. मग निळ्या केसांची ताई आली. ती कॉलेजात शिकते आणि राइडच्या डब्यांची हुबेहूब कागदी मॉडेलं बनवते.

"सगळं राहू दे," तिने लिहिलं, "पण ती जाडी बाई काढाच. बाई अडकली म्हणून हसायचं, हा काय विनोद झाला?"

"अगं, तिच्याशिवाय उलटं घर म्हणजे कवळीशिवाय माझे पेशंट," काका म्हणाले.

"काका, तुम्हाला शाळेत कुणी त्या नावाने हाक मारली नाही. मला मारायचे. मागून ढकलायचे पण."

मी हे वाचत होते आणि कान गरम झाले, कारण मलासुद्धा 'जाडी' म्हणायचे, आठवीपर्यंत. ताईचं शंभर टक्के बरोबर होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून दादाची हाक आली, "ढकला हो, ढकला, लाजू नका." स्वेटर. मी जाऊन त्याचं डोकं बाहेर काढलं. स्पर्धेत बरं असतं, कुठली बाजू मांडायची ते चिठ्ठीत येतं.

पार्कने चाहत्यांना बोलावलं, तुमचं म्हणणं ऐकायचंय म्हणून. आई चष्म्याच्या दुकानात काम करते आणि चार माणसांसमोर बोलायला तिला जमत नाही. आदल्या दिवशी ती माझ्या फ्रॉकची शिवण बघत बसली होती.

"दादाबद्दल सांगू?" मी विचारलं.

"सांग."

"लोकांना कळेल मग."

"कळू दे ना. तू बोललीस तर ऐकतील गं," ती म्हणाली. "तुझं ऐकतात लोक."

हॉलमध्ये एसी एवढा जोरात होता की दातवाले काकांनी गळ्याला मफलर गुंडाळला. पार्कच्या मॅडम अगदी गोड होत्या. प्रत्येकाचं ऐकून झालं की "किती छान मुद्दा" म्हणायच्या. काका पिस्ता रंगाची पाटी घेऊन आले होते. एक गृहस्थ म्हणाले, डब्यांचा खडखडाट काढला तर मी माझं लग्न रद्द समजेन, कारण मागणी तिथेच घातली होती. "वहिनींना विचारलंत का?" ताई म्हणाली. सगळा हॉल हसला. मग जाडी बाईचा विषय निघाला आणि हसणं संपलं. काका म्हणाले, आज बाई काढाल, उद्या आजोबा काढाल. ताई म्हणाली, आजोबा कुणाला ढकला म्हणत नाहीत. दोघंही उभे राहून बोलत होते, आणि मॅडम दोघांनाही "किती छान" म्हणत होत्या.

मग मी उठले. मी दादाबद्दल सांगितलं. चपला, दूध, पांघरूण, सगळं. जाडी बाईवर मला स्वतःला किती राग आहे तेही सांगितलं, आणि तेच वाक्य आमच्या घरात कशासाठी आहे तेही. "ते घर तुमच्या पार्कमध्ये असेल," मी म्हणाले, "पण आमच्या घरात ते रोज बोलतं. तुम्ही एक राइड बंद कराल, आमच्याकडे एक माणूस बंद होईल." हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप आलं. हॉल उभा राहिला. काका नाक शिंकरत होते. ताईने माझा हात धरला आणि सोडेचना. तिने मॅडमना सांगितलं, "माझा मुद्दा मागे. बाई राहू दे."

मॅडमचे डोळे खरंच ओले होते. "हे आम्ही रेकॉर्ड केलंय," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे दाखवलं तर चालेल ना तुला?"

मला वाटलं, वरच्या साहेबांना दाखवणार. मी म्हणाले, "चालेल काय, दाखवाच."

घरी मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

दोन दिवसांनी शाळेत मधल्या सुट्टीत मैत्रीण फोन घेऊन धावत आली. त्यात मी होते. मागे हळू संगीत, माझा आवाज, मध्ये मध्ये उलट्या बाहुल्या. "आमच्या घरात ते रोज बोलतं." आणि मग मोठी अक्षरं: उलट्या घराची शेवटची फेरी. या रविवारी. निरोप घ्यायला नक्की या.

मी पार्कला फोन लावला. मॅडमनी लगेच उचलला.

"अगं, किती प्रतिसाद मिळतोय. तुझ्यामुळेच."

"पण मी तर बंद करू नका म्हणाले होते."

"हो ना, तेच तर लोकांना भिडलं."

"मॅडम, म्हणजे ठरलंच होतं का आधी?"

"पडद्यांची ऑर्डर कधीच गेली, बेटा. आम्हाला पण वाईट वाटतं. तुझ्या दादाला नव्या राइडचा पास देऊ आम्ही, पहिल्या दिवशीचा."

मी व्हिडिओ काढून टाकायला सांगितला. त्या म्हणाल्या, आता तो लोकांनीच सगळीकडे पाठवलाय, आमच्या हातात काही नाही. तोपर्यंत तो आमच्या मुख्याध्यापिकांनीही पाठवला होता, शाबासकीसकट. ग्रुपवर मात्र कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. काकांचं म्हणणं, शेवटच्या फेरीवर बहिष्कार घालायचा. बाकीच्यांचं म्हणणं, मग निरोप कधी घ्यायचा. काकांनीसुद्धा तिकीट काढलं होतं, हे नंतर कळलं.

रविवारी आम्ही नेहमीच्या बसने गेलो. एरवी सकाळी तिथे चिटपाखरू नसतं. त्या दिवशी रांग उलट्या घरापासून फिरत्या पाळण्यांना वळसा घालून पार कारंज्यापर्यंत गेली होती. लोकांनी डोक्यावर चपलांची चित्रं काढलेले कागदी मुकुट घातले होते. दादाने माझी बाही पकडली. मी त्याला सांगत राहिले की थोडंच आहे. थोडं नव्हतं. माणसं अंगाला लागत होती, फुगे फुटत होते, आणि तो आधी बाही, मग दंड, मग माझ्या बॅगचा पट्टा पकडत गेला. मग रांगेतच खाली बसला आणि कानांवर हात ठेवले.

"अरे, ही व्हिडिओतली मुलगी ना?" कुणीतरी म्हणालं. "म्हणजे हा तो दादा."

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "ढकला हो, ढकला, लाजू नका."

 मग मागच्या एका बाईने, अगदी प्रेमाने, तेच वाक्य म्हटलं. मग तिच्या नवऱ्याने. मग कारंज्यापर्यंतची अख्खी रांग म्हणायला लागली, टाळ्यांच्या ठेक्यावर. फोन वर झाले. काही जण रडत होते. कुणीही चेष्टा करत नव्हतं, हे मला शपथेवर सांगता येईल. दादाने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. तेही पुन्हा म्हणाले, अजून मोठ्याने. मी ओरडले, "तो मदत मागतोय." माझा आवाज, ज्याच्यावर मी ढाल आणली, तो माझा मलाच ऐकू आला नाही.

ताई कुठून तरी कोपरं मारत आली. ती लोकांच्या फोनसमोर हात आडवे धरून ओरडत होती, "वाट द्या, आधी यांना आत जाऊ द्या." त्यावर रांगेत वाद. एक जण म्हणाला, आम्ही पहाटेपासून उभे आहोत. दुसरा म्हणाला, लाज वाटू दे. दातवाले काका मधे पडले, मुकुट डोक्यावर तसाच. शेवटी गर्दी दुभंगली आणि दारापर्यंत स्वच्छ वाट झाली. रिकामा डबा दिसत होता.

दादा उठला. त्या वाटेकडे बघितलं. मग वळला आणि उलट्या दिशेने, फाटकाकडे चालायला लागला. मी त्याच्यामागे धावले. परतताना बसमध्ये तो खिडकीला डोकं लावून होता.

उलट्या घराला आता पत्रे ठोकलेत. ग्रुपवर बाहुल्यांचं काय करायचं यावर वाद चालू आहे. काकांना पहारेकरी दवाखान्यात हवाय, कुणी म्हणतं सगळ्या एकत्रच राहायला हव्यात. ताई मला रोज विचारते, कसा आहे. मी लिहिते, ठीक.

बेल वाजली की अजून तो दार उघडतो, चपलांचं अजून सांगतो, पण हळू. ते दुसरं वाक्य मात्र त्या दिवसापासून आलेलं नाही. परवा आईला तो न्हाणीघरात ओल्या शर्टात उभा सापडला, बटणं अर्धी उघडी, किती वेळचा कुणास ठाऊक. आता आम्ही तिघंही आलटून पालटून त्याच्यावर लक्ष ठेवतो. बाबा तर पेपर उलटा धरून बसतात. आईने एकदा स्वतः ते वाक्य म्हणून बघितलं. तो खोलीतून निघून गेला.

आज रविवार. तो उठला, आंघोळ केली, बूट घालायला दारापाशी बसला. लेसची गाठ बसली होती. मी समोर बसले. "सोडवू?" त्याने पाय मागे घेतला नाही. मी गाठ सोडवून लेस बांधली, दुसऱ्या बुटाची पण बांधली.

"कुठे निघालात?" आईने विचारलं.

"तिकडेच."

"अगं, पण आता तिथे आहे काय?"

"पत्रे."

आईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थांबली होती. मग आत जाऊन तिने पाण्याची बाटली आणून दिली. आम्ही स्टॉपवर आलो. बस आली, दादा आधी चढला आणि खिडकीची जागा धरून माझ्याकडे बघायला लागला, लवकर चल असं.

मी चढले.