घरचा लेफ्ट बॅक

गोळीने आयुष्यात एकच मोठा गुन्हा केला. तो इथेच जन्मला.

गोळी हे नाव त्याला फुटबॉलच्या खालच्या लीगमध्ये मिळालं. तिथे तो स्ट्रायकर होता. चेंडू पायात आला की सुटायचा, आणि समोरचा गोलकीपर जाळीतून चेंडू काढताना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. लागोपाठ दोन मोसम सगळ्यात जास्त गोल त्याचे. मग वरच्या लीगमधल्या क्लबाने त्याला बोलावलं. क्लबाचे मालक सिमेंटवाले. त्यांनी त्याच्या गळ्यात क्लबाचा मफलर घातला, कॅमेऱ्याकडे बघून आपल्या मातीतला हिरा असं काहीतरी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कोचने त्या हिऱ्याला लेफ्ट बॅक केलं.

लेफ्ट बॅक म्हणजे बचावात, डाव्या कडेला. गोल करायच्या जागेपासून माणसाला लांब ठेवायचं असेल तर याहून सोयीची जागा नाही.

यामागे कुणाचं वैर नव्हतं, नियम होता. लीगने ठरवलं होतं की मैदानावर कायम चार घरचे खेळाडू हवेत, बाकी पाहुणे चालतील. घरचे म्हणजे देशातले, पाहुणे म्हणजे परदेशातून आणलेले. नियम करणाऱ्यांना वाटलं, आता घरच्यांचं भलं होणार. क्लबांनी नियम औषधासारखा घेतला, नाक दाबून आणि कमीत कमी. एक घरचा गोलकीपर, दोन घरचे डाव्या-उजव्या कडेला, आणि चौथा मधोमध नुसता पळायला. गोल करायची जागा पाहुण्यांची. तिथे घरचा उभा करणं म्हणजे लग्नाच्या घोड्यावर वाजंत्रीवाला बसवणं.

याचा परिणाम देशाच्या संघावर व्हायचा तो झाला. शिबिर भरलं की लेफ्ट बॅकांचा बाजार. स्ट्रायकर शोधायला दिवा घेऊन फिरावं लागे. देश हरला की महासंघाचे अध्यक्ष पेपरात हळहळायचे की आपल्या रक्तातच गोल नाही. गोळीची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. ती म्हणाली, "रक्तात काय असतं ते मी रोज बघते. गोल कुणाच्याच नसतो."

क्लबात सरावाची एक पद्धत होती. मैदानाच्या मधल्या रेषेपलीकडे घरच्या खेळाडूने चेंडूला दोनदा पाय लावायचा, तिसऱ्यांदा लावला की कोचची शिट्टी. दोन स्पर्श आणि चेंडू उंटाकडे. उंट म्हणजे क्लबाचा पाहुणा स्ट्रायकर, उंच, लांब मानेचा, वय झालेला. त्याचा उजवा गुडघा जुन्या दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरायचा. पळणं त्याने केव्हाच सोडलं होतं. तो समोरच्या गोलापुढच्या पेटीच्या डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि जगाने चेंडू तिथे आणून द्यायचा. जग द्यायचंही. माणूस मात्र वाईट नव्हता. इथली भाषा तो क्लबाच्या ड्रायव्हरकडून शिकला होता, त्यामुळे शिव्या अस्खलित आणि बाकीचं अडखळत.

तर तीन मोसम गोळी शिट्टीवर जगला. एक स्पर्श, दोन स्पर्श, उंट. मामाने त्याला लहानपणी पटांगणात नेऊन शिकवलं होतं की गोल दिसला की कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही. क्लबाने शिकवलं, बापाचं नाही, पण शिट्टीचं ऐकायचं.

तिसऱ्या मोसमाअखेर करार संपत होता. गोळी कोचकडे गेला आणि सरळ बोलला. लेफ्ट बॅक म्हणून सही करणार नाही, स्ट्रायकर म्हणून ठेवत असाल तर ठेवा, नाहीतर खालच्या लीगमध्ये परत जातो. कोचही पाहुणाच. तो आधी हसला, मग वैतागला, आणि पिच्छा सोडवायला म्हणाला, "शेवटच्या सामन्यात उंटाचा गुडघा बसला तर तुला पुढे पाठवतो. एक गोल कर. पुढच्या मोसमात ती जागा तुझी."

गोळीने घरी येऊन हे सांगितलं. बायको म्हणाली, म्हणजे आता म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याचं वाईट चिंतायचं का? गोळी म्हणाला, चिंतायची गरज नाही, गुडघा स्वतःच समर्थ आहे.

आणि होता. सामन्याच्या उत्तरार्धात उंट नुसता वळला, आणि बसला. त्याला उचलून बाहेर नेलं. बेंचवर कोण, तर तीन घरचे, तिघेही लेफ्ट बॅक. दुसरा पाहुणा स्ट्रायकर बायकोच्या बाळंतपणाला मायदेशी गेलेला. कोचने एका लेफ्ट बॅकला मैदानात ढकललं आणि गोळीला हाताने खूण केली, पुढे हो.

गोळी पुढे गेला. प्रेक्षकांत मामा उठून उभा राहिला आणि आजूबाजूच्या अनोळखी लोकांना सांगू लागला की हा माझा भाचा, आता बघा.

लोकांनी बघितलं. मधल्या पळणाऱ्याने चेंडू हिसकावला आणि लांब मारला. गोळी बचावफळी फोडून त्याच्यामागे सुटला. खालच्या लीगमधला तोच पाय, तोच वेग. पहिल्या स्पर्शात चेंडू काबूत. दुसऱ्या स्पर्शात गोलकीपर चकून जमिनीवर. समोर गोल, सताड उघडा, म्हशीनेसुद्धा शेपटीने ढकलला असता तरी आत गेला असता.

आणि गोळीने पास दिला.

पेटीच्या डाव्या कोपऱ्यात. नेमका, सुरेख, तीन वर्षांत दिला नसेल इतका चोख पास. उंट उभा असायचा तिथे. उंट त्या वेळी बेंचवर गुडघ्याला बर्फ बांधून बसला होता. चेंडू रिकाम्या गवतावरून गेला, रेषेबाहेर पडला आणि मालकांच्या सिमेंटच्या फलकावर आपटला. फलकावर लिहिलं होतं, आपली माती, आपला खेळ.

आधी पूर्ण मैदानाने कोपऱ्यात उंट शोधला. मग हशा. शेजारच्याने मामाला विचारलं, हाच का तुमचा भाचा? मामा म्हणाला, नाही, माझा आजारी आहे.

सामना बरोबरीत सुटला, पण तो पास सुटला नाही. टीव्हीवर दिवसभर तोच. एक तज्ज्ञ म्हणाले की घरच्यांना गोल समोर दिसला की घेरी येते. तज्ज्ञ स्वतः घरचेच, निवृत्त लेफ्ट बॅक. मालक पत्रकारांना म्हणाले की संधी दिली, आता लोकांनीच बघितलं. लीगच्या बैठकीत तीच क्लिप दाखवून चार घरच्यांचे तीन केले. म्हणजे ज्याला तीन वर्षं पास द्यायला शिकवलं, त्याने पास दिला हा पुरावा झाला की त्याला दुसरं काही येत नाही. मांजराचे पाय बांधायचे आणि मग म्हणायचं, मांजर आळशी.

उपचाराच्या खोलीत उंट पाय वर करून पडला होता. गोळी सामान न्यायला आला तेव्हा त्याने हाक मारली. आधी ड्रायव्हरकडून शिकलेली एक सणसणीत शिवी दिली, प्रेमाने. मग म्हणाला, "मी घरी लेफ्ट बॅक."

गोळीला वाटलं थट्टा करतोय. उंटाने अडखळत सगळं सांगितलं. त्याच्या देशातही स्ट्रायकर बाहेरूनच आणतात. तोही कडेला सडत होता. एका एजंटाने त्याला इथे विकताना स्ट्रायकर म्हणून विकलं, कारण लेफ्ट बॅक कुणी विमानाचं तिकीट देऊन आणत नाही. इथे कुणी विचारलं नाही. परदेशातून आलाय म्हणजे गोल करत असणार. मग लोक चेंडू आणून द्यायला लागले, आणि आणून दिला की करतो माणूस गोल. "तू पण जा," तो म्हणाला. "कुठेही. फक्त घर नको."

पिकतं तिथे विकत नाही, हे मामा जन्मभर सांगत आला होता. पण उंटाने एजंटाचा नंबरही दिला.

गोळी गेला. फुटबॉलच्या नकाशावर ज्याला कुणी विचारत नाही अशा एका देशात, आपल्यापेक्षा थंड आणि आपल्याइतक्याच मूर्ख. बायकोला तिथल्या लॅबमध्ये काम मिळालं. पहिल्या दिवशी कोचने जागा विचारली. गोळी म्हणाला, स्ट्रायकर. कुणी हसलं नाही. कोचने मान डोलावली आणि एका तिथल्याच खेळाडूला बाजूला सरकवलं. त्या पोराने जे तोंड केलं ते गोळीला चांगलं ओळखीचं होतं. गोळीने मान खाली घालून बुटाची नाडी बांधली. नाडी बांधलेलीच होती.

मोसमभरात त्याने इतके गोल केले की तिथल्या पेपरांत लेख यायला लागले, बाहेरचे येतात आणि आमच्या पोरांच्या जागा खातात. बायकोने ते भाषांतरित करून घेतले आणि मामाला पाठवले. मामाने ते चौकातल्या सगळ्यांना वाचून दाखवले. भाचा पुन्हा बरा झाला होता.

मग मालकांचा फोन आला. आवाजात सिमेंट कमी, साखर जास्त. म्हणाले, बाळा, तू आपल्या मातीतला, परत ये. गोळीने विचारलं, कुठे खेळवणार? मालक म्हणाले ते कोच बघतील, पण तीन घरच्यांत तुला बसवायचं तर डावी कड रिकामी आहे.

"मालक," गोळी म्हणाला, "मला पाहुणा म्हणून आणता येईल का?"

"अरे, असं कसं? तू तर इथलाच."

"मग राहू द्या."

मालकांनी, अगदी मनापासून, विचारलं की तिथे तुझ्यासारखा आणखी कुणी आहे का, तिथलाच, स्वस्तातला, गोल करणारा. गोळीने खिडकीतून मैदानाकडे बघितलं. बाजूला सरकवलेला पोरगा डाव्या कडेला एकटाच सराव करत होता.

"आहे एक," गोळी म्हणाला. "इथे त्याला लेफ्ट बॅक म्हणतात."