उजवीकडची टोपी

"हातमोजे नवे काढा. माझ्या डोळ्यांदेखत," खुर्चीला पाठ न टेकवताच अण्णा म्हणाले.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी निमूट नवी जोडी चढवली. दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात अण्णांची बत्तीस वर्षं गेली होती. दुकानदार गोड हसला की ते आधी पारड्याखाली हात घालून बघत. माणूस निवृत्त झाला, संशय मात्र नोकरीतच राहिला. त्यातून ही डॉक्टरीण सुनेची मैत्रीण. तीन आठवड्यांपूर्वी तिनं डावीकडच्या दातावर टोपी बसवली आणि तेव्हापासून घास चावला की जबडा ठणकायचा.

"मैत्रिणीनं कच्चं काम केलंय आणि तू तिला पाठीशी घालतेस," असं ते सुनेला उठता-बसता ऐकवत. परवा तर मुलासमोर बोलले. तेव्हापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

दात कुठे टेकतात ते दाखवणारा निळा कागद चावून झाला. नव्या टोपीवर ठिपके अगदी नीट उमटले.

"कागदाचं मला सांगू नका," अण्णा गुरगुरले.

"नाहीच सांगत. कागद खूण दाखवतो, हादरा दाखवत नाही." बाईंनी तर्जनी त्यांच्या वरच्या दातांना बाहेरून टेकवली. "दातावर दात आपटा. हळू. पुन्हा."

बोट एकेका दातावरून सरकत गेलं आणि उजवीकडे, जुन्या टोपीवर थांबलं.

"हा हलतोय. आधी हा आपटतो, मग बाकीचे टेकतात. बाकीचे दात झिजले, टोपी झिजली नाही. डावा दात दुखत होता तोवर तुम्ही जपून चावत होतात; आता जोरात चावता, म्हणून हादरा जबड्याला बसतो."

"शक्यच नाही! ती माझ्या दोस्तानं बसवलीय. देवमाणूस होता तो."

"काम त्यांचं चांगलंच आहे. पण बारा वर्षं झाली. हात धुऊन या, तुम्हीच बघा."

अण्णांनी स्वतःचं बोट ठेवलं, दात आपटले. बोटाखाली दात थरथरला. मग डावीकडे ठेवलं. तिथला दात दगडासारखा स्थिर. त्यांनी पुन्हा उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. मग त्यांनी पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकवली.

बाईंनी जुनी टोपी केसभर घासली. "सूनबाईंना आत बोलावू? समजावून सांगते."

"नको. मीच सांगतो."

सून बाहेर बाकावर फाईल घेऊन बसली होती. "झालं?" तिनं वर न बघता विचारलं.

"झालं. तुझ्या मैत्रिणीची चूक नव्हती. तुझीही नव्हती. माझंच चुकलं."

सुनेनं मान वर केली. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत हे शब्द तिच्या कानावर आले नव्हते. तिचे डोळे बारीक झाले. "आता काय हवंय तुम्हांला?"

"काही नाही गं."

फाईल पिशवीत घालून ती जिना उतरू लागली. अण्णा कठडा धरून, चार पायऱ्या मागून. वळणावर ती थांबली. मागे वळून पाहिलं नाही तिनं; पण त्यांची पावलं जवळ येईपर्यंत तशीच उभी राहिली.