पाव सेकंदाचा हात

माझी बायको म्हणते, गिऱ्हाइकावर खेकसायला मला कारण लागत नाही, नुसतं गिऱ्हाईक लागतं. खोटं नाही ते. पण त्या दुपारी मी खेकसलो, त्याला कारण होतं.

जिन्याखाली माझं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान आहे. खिशात मावतील असे जुने डिजिटल कॅमेरे मी तपासून विकतो. विकताना, शटर आजवर किती वेळा उडालंय, म्हणजे एकूण किती फोटो काढले गेलेत, तो आकडा चिठ्ठीवर लिहितो आणि खाली सही ठोकतो. फसवाफसवीचं नाव नको.

त्या दुपारी एक तिशीची मुलगी आली. गळ्यात कपड्यांच्या कारखान्याचं ओळखपत्र, कपाळावर आठ्या. "काका, दोन वर्षांपूर्वी हा तुमच्याकडूनच नेला होता, बाबांसाठी. ही तुमची चिठ्ठी. परत घ्याल का? वापरलाच नाहीये फारसा. चोवीस फोटो आहेत फक्त."

चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात होतं, ३,२१४.

"आणि बाबांनी विचारून यायला सांगितलंय, शटर किती झिजलंय," ती म्हणाली. "सकाळपासून तेच तेच. विचारल्याशिवाय घरी येऊ नकोस म्हणाले."

"चोवीस फोटोंनी काय झिजणार, कपाळ? सांगा त्यांना, खुशाल झोपा म्हणावं."

पण कॅमेरा हातात घेतला आणि माझं बोट बटणावरच अडखळलं. बटणाचा चंदेरी मुलामा पार गेला होता, खालचा पिवळा धातू दिसत होता. दिव्याखाली धरून भिंगातून आत पाहिलं. शटरच्या कागदाहून पातळ पात्यांचा काळा रंग, जिथे एकमेकींवर घासतात तिथे, उडून चकचकीत झाला होता. फोटोच्या फाइलला पडणाऱ्या नंबरावर माझा विश्वास नसतो. दहा हजार झाले की तो पुन्हा एकपासून सुरू होतो. खरा आकडा कॅमेऱ्याच्या पोटात असतो. दोन बटणं एकत्र दाबून तो मी बाहेर काढला.

१,६१,०८७.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तोच.

"वा हो वा!" मी खेकसलो ते इथे. "वापरला नाही म्हणे! दीड लाखाच्या वर उडालंय शटर. लग्नसमारंभांना भाड्याने देत होतात की काय? एवढी वर्षं या धंद्यात घालवली, ती काय गवत उपटत?"

तीही काही कमी नव्हती. "तोंड सांभाळून बोला काका. दोन वर्षं हा घराबाहेर गेलेला नाही. बाबाच गेले नाहीत, तर हा कुठे जाणार?"

मग तिने सांगितलं. बाबांचं पलीकडच्या रस्त्यावर सलून. एकच खुर्ची, एकच कारागीर, ते स्वतः. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. ही दिवसभर कारखान्यात, ते घरी एकटे. विरंगुळा म्हणून कॅमेरा घेऊन दिला. पहिल्या महिन्यात एकदा ते स्वतःची दाढी करायला गेले आणि हनुवटी कापून घेतली. हिने वस्तऱ्याची पेटी कपाटावर टाकली आणि तिला पुन्हा हात न लावण्याची त्यांच्याकडून शपथ घेतली.

"आता म्हणतात, हात बरा झाला, खुर्चीवर जातो. कोण ठेवील हो विश्वास? उद्या कोणाच्या गळ्याला लागलं म्हणजे? सलून सोडतोय आम्ही. आज संध्याकाळी जागेच्या मालकाला किल्ली द्यायचीय." तिने पर्सवर हात ठेवला. "शेवटचं एकदा बसायचंय म्हणाले, म्हणून आत्ता तिथेच सोडून आलेय त्यांना. एकटेच बसलेत."

तिच्याकडे न बघता कार्डावरचे फोटो लावले.

चोवीसच्या चोवीस फोटो एकाच वस्तूचे. भिंतीवरचं घड्याळ. दर महिन्याच्या एक तारखेला एक. खोलीचे पडदे ओढलेले, फ्लॅश बंद.

पहिल्या फोटोत घड्याळ नव्हतंच. पांढरा फराटा होता, ओल्या भिंतीवर कोणीतरी हात पुसावा तसा. तिसऱ्यातही तेच. सहाव्यात काहीतरी गोल असल्याचं कळत होतं. अकराव्यात काटे दिसले, पण चार. सतराव्यात दोनच राहिले. मी एकेक फोटो पुढे सरकवत राहिलो. चोविसाव्यात बाराच्या आकड्याखालचं, घड्याळ बनवणाऱ्याचं नाव वाचता येत होतं. मुंगीएवढं अक्षर.

"अगं पोरी," मी म्हणालो. अहो-जाहो सगळं विसरलो. "हे बघ. अंधारात शटर पाव सेकंद उघडं राहतं. तेवढ्यात हात जरा जरी हलला की फोटो फिसकटतो. या जुन्या कॅमेऱ्यात हात सावरायची काही सोय नाही. जो काय हात आहे, तो माणसाचा."

"म्हणजे?"

"म्हणजे रोज दोनशेच्या वर वेळा तुझ्या बापाने हे बटण दाबलंय. दोन वर्षं. एकही दिवस खाडा न करता. पुसायचे, पुन्हा काढायचे. महिन्याला एक तेवढा ठेवायचे."

तिने कॅमेरा ओढून घेतला. पहिला फोटो पाहिला, शेवटचा पाहिला, पुन्हा पहिला. "मला कधी आवाज नाही आला," ती हळूच म्हणाली.

"आवाज बंद केलाय त्यांनी. आणि तू कारखान्यात."

माझा मात्र अजून पुरता विश्वास बसेना. मी दार लोटलं, दिवा मालवला, दुकानातल्या घड्याळावर कॅमेरा रोखला. भिंगांचे बारीक स्क्रू बसवणारा हात माझा, मला त्याचा भारी तोरा. फोटो काढला. काटे चार आले. पुन्हा काढला. साडेतीन म्हणा फार तर. ती माझ्याकडे बघत होती. मी कॅमेरा तिच्या हातात परत दिला.

मी दुकानाला कुलूप लावलं. "चल," म्हटलं.

सलूनमध्ये म्हातारा गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला होता, पाहुण्यासारखा. शर्ट इस्त्रीचा. मुलीला पाहून उठला. उजव्या पायाने जरा लंगडत होता, पण माझी नजर हातावरच.

"कि... किती?" त्याने विचारलं.

"एक लाख एकसष्ट हजार सत्त्याऐंशी," मी म्हणालो. "त्यातले तीन हजार आधीचे. बाकी तुमचे, दादा."

त्याने मान हलवली आणि मुलीकडे पाहिलं. त्याने सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून माझ्या तोंडून वदवलं होतं. मी असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. हात जोडावेसे वाटले, खरं सांगतो.

हात जोडण्याऐवजी मी खुर्चीत जाऊन बसलो आणि मान मागे टाकली. "चार दिवसांची दाढी आहे. करा."

"काका!" मुलगी ओरडली.

"गळा माझा आहे. तुला काय?"

वस्तऱ्याची पेटी घरी, कपाटावर. पण खणात एक जुना वस्तरा निघाला. म्हाताऱ्याने तो चामड्याच्या पट्ट्यावर चांगला परजला. फेस लावला. डाव्या हाताची दोन बोटं माझ्या गालावर टेकवली, कातडी ताणली. बोलायला सांगितलंत तर मी मोठा शूर, पण गळ्याशी पातं आलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. डोळे मिटले. कानाखालून आवाज उतरत गेला, खर्र, खर्र. हनुवटी. गळ्याची घाटी. तिथे तो थांबला, श्वास सोडला, आणि पुढे गेला. कुठे टोचलं नाही. कुठे ओढलं नाही.

टॉवेलने तोंड पुसून त्याने माझ्यापुढे आरसा धरला. गळ्यावर रक्ताचा ठिपका नव्हता. आरसासुद्धा हलत नव्हता.

मुलीने सोबत आणलेला कॅमेरा उचलला आणि सलूनच्या मंद उजेडात, फ्लॅशशिवायच, आम्हा दोघांचा फोटो काढला. मग स्क्रीनकडे बघून ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. फोटोत आमच्या दोघांच्या जागी नुसता फराटा होता.

बापाने वाकून फोटो पाहिला. वस्तरा पुसत, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "सवय... कर. रोज... दोनशे."

तिने पर्समधून किल्ली काढली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात टाकली.