खोड काढायची रीत

परदेशी पाहुणा हॉलमधल्या सोफ्यावर बसला होता आणि कैलास त्याच्यासमोर त्याच्याच कारखान्याची खोड काढत होता. भट्ट्या जुनाट, कामगार म्हातारे, छपराला गळती. कैलासची लेक अपेक्षा ते इंग्रजीत सांगत होती. त्याची आई शालूबाई दाराशी बसून ऐकत होती आणि मनात म्हणत होती, बरोबर, अस्संच.

रीत तिचीच. नवऱ्याबरोबर चाकणच्या बैलबाजाराला जाणारी परंदवडीतली ती एकटीच बाई. विकत घ्यायच्या जनावराचं तिथं तोंडभर कौतुक केलं, की भाव चढलाच म्हणून समजा. "मन भरलं तरी तोंड वाकडंच ठेव, लेका," असं तिनं कैलासला लहानपणीच पढवलं होतं.

त्याच कैलासनं पुढं गोठ्यात भट्टी मांडून ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे बनवायला घेतले. आता तीन शेड झाल्या. तरी त्याचा जीव अडकला होता तो या नोवाक म्हाताऱ्याच्या कारखान्यात, पार तिकडं चेक देशात. का, ते त्यानं आईला आधीच सांगितलं होतं.

"तिकडचे गाडीवाले परंदवडीचा माल म्हटला की नाक मुरडतात, आई. त्यांच्या ओळखीचा कारखाना आपल्या हाती आला, तर तेच दार उघडतील. पोलाद मुरवायची त्यांची कला बी शिकाय मिळंल."

"म्हंजी सोयरीक करून घरात शिरायचं. सरळ सांग की!"

तर ही सोयरीक आज ठरायची होती. पण नोवाकनं कप खाली ठेवला, उठला आणि अपेक्षाला काहीतरी म्हणाला. पोरीचा चेहरा उतरला.

"ते म्हणतात, एवढा टाकाऊ आहे तर घेता कशाला? दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणारेत."

कैलास हसला. "उठू दे गं. बाजारात उठतातच. दारातनं माघारी येतंय बघ."

शालूबाईलाही तसंच वाटलं असतं. पण तिचं लक्ष म्हाताऱ्याच्या हातांकडं गेलं. त्याला कोटाचं बटण लावता येईना.

असे हात तिनं एकदा पाहिले होते. अंदर मावळातला एक माणूस, जोडीतला एक बैल मेलेला, दुसरा विकायला आणलेला. ती खोड काढायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं, दत्तोबानं, बैलाच्या मानेवर हात ठेवला. "काय जनावर घडवलंय, भाऊ, तुमी!" वर मागितला तो भाव देऊन मोकळा! परतीच्या वाटेवर सोमाटण्यापर्यंत ती त्याला फाडून खात आली.

"शाले," तो शेवटी एवढंच म्हणाला, "त्यो बैल इकत न्हवता गं. लेक सासरी धाडत व्हता."

शाले म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं.

"कैल्या!" ती कडाडली. "ह्यो मानूस बाजारात बसलेला न्हाई. त्याचा कारखाना बघून आलास, तवा मला फोनवर काय सांगत हुतास? त्ये सांग त्याला."

"आई, आत्ता? भाव..."

"भाव गेला खड्ड्यात. तू तोंड उघड, न्हाईतर मी उघडते. त्ये तुला परवडायचं न्हाई."

कैलासनं मान खाली घातली. 

"तितं एक म्हातारा हातोडीनं पाटा वाजवून बघतो," तो म्हणाला. "आवाज बसका आला, की पाटा बाजूला. दिवसभर मी त्याच्यापाशी उभा हुतो, सायेब. पोरावानी. काय कारखाना घडवलाय तुमी!"

दत्तोबाचाच सूर, शेवटाला तसाच मोडणारा आवाज. शालूबाईनं चमकून पाहिलं.

अपेक्षानं सांगितलं. नोवाक बटण हातात धरून उभाच राहिला. मग त्यानं विचारलं, कारखाना तुमचा झाल्यावर त्या म्हाताऱ्याचं काय?

"त्यो करंल तवर त्यो हाय. माझ्या समर्थला त्याच्या हाताखाली धाडतो."

नातू इतक्या लांब जाणार, हे शालूबाईला आत्ताच कळत होतं.  नोवाक पुन्हा सोफ्यावर बसला, तशी चहाचं निमित्त करून ती आत गेली. डोळ्यांत धूर गेला म्हणावं, तर घरात आता चूलही नव्हती.