बॅटरीवर एकशे अठरा

त्या दिवशी जहाज आलं होतं. आमच्या नॉर्फोक बेटाला जहाज टेकेल असं बंदर नाही. जहाज लांब उभं राहतं आणि आम्ही होड्यांतून माल किंग्स्टनच्या धक्क्यावर आणतो. समुद्र शांत असेल तो दिवस जहाजाचा. त्या दिवशी घरी कुणी थांबत नाही. साडेचारला शेवटची होडी लागत होती, तेव्हा गर्ली मावशी धक्क्यावर आली.

"पार्किन, दोर सोड."

"थांब गं मावशी, पिठाची पोती आहेत, भिजतील."

"भिजू देत. दोर सोड म्हणते ना. तुझी इडा गेली रे."

मी दोर सोडला नाही. शेजारच्यानं माझ्या हातातून तो काढून घेतला.

मावशीला कळलं ते असं. आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. भांडण असलं तरी उचलायचं. दोनच्या सुमाराला माझ्या बायकोची, इडाची, राखाडी गाडी मावशीच्या गाडीसमोरून गेली. मावशीनं बोट उचललं, इडानं उचललं नाही.

"तीस वर्षांत असं झालं नव्हतं," मावशी सांगत होती. "म्हटलं, हिला एवढा कसला माज आला? बाजारातलं काम उरकलं आणि जाब विचारायलाच घरी गेले."

इडा धुण्याच्या खोलीत जमिनीवर पडली होती. गाडी तिच्या जागी उभी होती, चार्जिंगची वायर लावलेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. हृदय बंद पडलं होतं. "एकच्या आत गेल्यात," त्या म्हणाल्या.

"अहो, दोनला मी तिला पाहिलं!" मावशी म्हणाली.

"दुसरी कुणाची गाडी असेल."

"तशी गाडी बेटावर एकच आहे."

"मग तुमची वेळ चुकली असेल, मावशी."

सव्वादोनला मीही ती गाडी पाहिली होती.

सकाळी सहाला इडा मला म्हणाली होती, "डावा हात भरून आलाय. दवाखान्यात सोडतोस का?" मी म्हणालो, "काल दिवसभर गवत उपटत बसलीस, दुसरं काय होणार? जहाजाचं होऊ दे, मग जाऊ." सव्वादोनला तिची गाडी उतारावरून खाली आली आणि होड्यांच्या शेडपाशी थांबली. काचेवर ऊन होतं. आत तिची टोपी दिसली. बोट उचललेलं दिसलं नाही. मला वाटलं, रुसली आहे. मीही हात केला नाही. पाठ फिरवली आणि दोर ओढला. पुन्हा पाहिलं तर गाडी नव्हती. जाताना आवाज आला नाही, पण ती गाडी बॅटरीवर चालायची, तिचा आवाज कधीच यायचा नाही.

डॉक्टरीणबाईंचं खरं असेल, तर इडा माझ्याकडे आलीच नव्हती. मावशीचं खरं असेल, तर ती मला बोलवायला आली होती आणि मी तिच्याकडे पाठ केली. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावानं कबर खणली. लोकांनी केळ्याची पिल्ही, म्हणजे आमच्याकडची भाजलेली वडी, आणून ठेवली, ती तशीच राहिली. आठवड्यानं मी गाडी घेऊन बटाट्याच्या गॅरेजात गेलो. त्याचं नाव थॅडियस, पण फोनच्या यादीतसुद्धा तो बटाटाच आहे. ही गाडी जपानहून त्यानंच मागवून दिली होती. वायर लावून चार्ज होते, आणि शिवाय पेट्रोलचं इंजिनही आहे. तेव्हा त्यानं इडाला चिडवलं होतं, "एकशे ऐंशी जाते ही. पन्नासची मर्यादा असलेल्या बेटावर ही म्हणजे डबक्यात जहाज सोडतेस!"

"त्या दिवशी ही गाडी बाहेर गेली होती का, ते बघ," मी म्हणालो.

त्यानं गाडीतल्या पडद्यावर नोंद काढली. "गेली होती. एक पन्नासला निघाली. दोन चाळीसला थांबली."

मी गाडीचं दार उघडून उतरायला लागलो.

"थांब, थांब," बटाटा म्हणाला. "ही नोंद बिघडलेली आहे. हे बघ. सगळ्यात जास्त वेग एकशे अठरा. इंजिन चाललं शून्य मिनिटं."

"म्हणजे?"

"अरे, ही बॅटरीवर शंभरच्या वर जात नाही. शंभर झाले की इंजिन सुरू होतंच. तू नको म्हणालास तरी होतं. तिच्या मोटरला तेवढीच मर्यादा आहे. आणि एकशे अठरा जायला इथे रस्ता कुठे आहे? गाईच आडव्या येतात. हा आकडा खोटा, म्हणजे वेळही खोटी. कॉम्प्युटर बिघडला, दुसरं काय?"

त्या रात्री मी पोटभर जेवलो. पण सकाळी पुन्हा शंका आली. मी बटाट्याला म्हणालो, "मला दाखव."

"काय दाखव?"

"शंभरला इंजिन सुरू होतं ते."

विमानतळावरचा आगीचा बंब तोच दुरुस्त करतो, त्यामुळे त्याच्याकडे फाटकाची किल्ली असते. विमान नसलेल्या दिवशी, सकाळी दहाला, आम्ही धावपट्टीवर गेलो. "कुणी पाहिलं तर म्हणू, ब्रेक तपासत होतो," तो म्हणाला. पहिल्यांदा तोच चालवायला बसला. ऐंशीपर्यंत फक्त टायरचा आवाज येत होता. नव्वद. काटा शंभरला लागला आणि पुढून इंजिन एकदम गरजलं. मला हसू आलं. किती दिवसांनी आलं.

"पटलं?" बटाटा ओरडला. "डोकं शांत झालं का तुझं?"

"झालं," मी म्हणालो. "एकदा मला चालवू दे."

आम्ही जागा बदलल्या. मी गाडी वळवून टोकाला नेली आणि पाय दाबला. ऐंशी. नव्वद. शंभर. मी इंजिनची वाट पाहत होतो. एकशे चार. एकशे नऊ. टायरचा आवाजही बारीक होत गेला. बटाट्याचा श्वास मला ऐकू येत होता. एकशे चौदा.

"पार्किन," तो म्हणाला. "पाय काढ."

मी काढला. गाडी तरी वाढली. एकशे अठराला काटा थांबला आणि तिथेच राहिला. कसलाच आवाज नव्हता. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पट्टी संपायला थोडं उरलं असताना गाडी उभी राहिली.

मग बटाटा उतरला आणि त्यानं बॉनेटवर हात ठेवला. पाच मिनिटांपूर्वी ते इंजिन गरजलं होतं. त्यानं माझा हात धरून बॉनेटवर ठेवला. पत्रा गार होता.

"नोंद बघतोस?" मी विचारलं.

"नाही बघत."

"बघ ना रे."

"मी नाही बघणार. तू पण बघू नकोस." त्यानं त्याच्या बाजूचं दार लावलं आणि फाटकापर्यंत चालतच गेला. मी हळूहळू त्याच्या मागून गाडी नेली. गाडीत बस म्हणालो तर त्यानं नाही म्हणून मान हलवली.

त्यानंतर बटाट्यानं कुणाला काही सांगितलं नाही. मीही नाही. मावशी अजून म्हणते, "वेळ माझी चुकलेली नाही."

घरात मरण आलेल्या माणसाची हकीकत पोलीस लिहून घेतात. हवालदार कागद देऊन गेला, त्याला दोन महिने झाले. परवा तो पुन्हा आला होता. "काका, सही राहिली आहे," म्हणाला. मी म्हणालो, देतो. बाकी सगळं मी भरलं आहे. इडाचं नाव, वय, आमच्या लग्नाचं वर्ष. एक रकाना आहे, तिला शेवटचं जिवंत केव्हा पाहिलं. सकाळी सहा लिहायचं की सव्वादोन, ते मला ठरवता आलेलं नाही. तो रकाना कोरा आहे आणि सही केलेली नाही.