साळुबाईंचा आवाज माझ्या तोंडी

मित्रांनो, मी एक जुना वायरवाला स्पीकर आहे आणि स्वभावाने पक्का जळकुकडा आहे. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे तुम्हांला धक्का बसायला नको.

महाळुंगे पडवळच्या भगवंतरावांच्या घरी मी कॉम्प्युटरसोबत आलो, तेव्हा त्यांची अक्षदा पाचवीत होती. तिच्या कविता, दिवाळीची गाणी, शेजारच्या हळदीतला धिंगाणा, सगळं माझ्याच पोटातून निघालं. "काय खणखणीत वाजतंय राव!" असं पाहुणे म्हणत, तेव्हा मी आणखी फुगत असे. मग घरात मोबाइल शिरले आणि माझ्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या चढल्या. बटण फिरवताना मी खरखरतो, हे खरं आहे. पण दहा वर्षं गायलात, तर तुमचाही गळा खरखरेल की!

गळा तर साळुबाईंचा गेला. त्या अक्षदाची आई. द्राक्षांत गोडी भरली की पाखरं घडांवर तुटून पडतात. गेली पंधरा वर्षं साळुबाई बागेतल्या उंच लाकडी माळ्यावर उभ्या राहून, गोफण फिरवत दिवसभर "हाऽ हाऽ हुर्रऽ" ओरडत आल्या. यंदा आवाज पार बसला. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. आणि माल काढायला तर अजून पाच आठवडे होते.

अक्षदा नारायणगावच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. आईची आरोळी तिने गेल्या वर्षी गंमत म्हणून फोनमध्ये टिपली होती. ती दर पाव तासाला आपोआप वाजेल, असा प्रोग्राम तिने लिहायला घेतला. त्यासाठी आवाज वाजवणारी एक लायब्ररी वापरली. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम असतो तो, आपल्या कामाला जोडून घ्यायचा. तिने मला लॅपटॉपला लावलं. मी छाती फुगवून तयार. आणि काहीच वाजलं नाही!

मित्रांनो, माझ्यापर्यंत आवाज पोचलाच नव्हता. पण बोल कुणाला लागला?

"त्यो स्पीकरच मेलाय," भगवंतराव म्हणाले. "दे त्याला भंगारात."

मी गोणीत गेलो. दुसऱ्या दिवशी नारायणगावहून निळा ब्लूटूथ स्पीकर आला. नारळाएवढा, वायर नाही, अंगभर दिवे. सगळे त्याच्याभोवती जमले. उघड्या गोणीतून ते कौतुक बघून माझ्या अंगाची लाही लाही झाली. अक्षदाने प्रोग्राम चालू केला. निळाही गप्प! इतका आनंद मला कधी झाला नव्हता. साळुबाईंचा घसा गेलेला, द्राक्षं पाखरांच्या चोचीत, आणि मी आपला खूश. सांगताना लाज वाटते, पण झालं ते झालं.

मग अक्षदा नीट शोधायला बसली. साधं गाणं निळ्यावर वाजलं, म्हणजे स्पीकरचा दोष नव्हता. चूक आली तर लाल अक्षरं दाखवू नकोस, गुपचूप पुढे जा, असं तिनेच प्रोग्रामात लिहिलं होतं. ती ओळ काढल्याबरोबर खरं कारण समोर आलं. फोनमधली फाइल लायब्ररीला चालणाऱ्या प्रकारची नव्हती, आणि अक्षदाने फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबापुढची अक्षरं, तेवढं बदललं होतं. मिठाच्या बरणीवर 'साखर' लिहिलं म्हणून चहा गोड होत नाही. तिने फाइलचा प्रकार खरोखर बदलून घेतला आणि साळुबाईंची आरोळी घरभर दुमदुमली. निळ्यातून, माझ्यातून नव्हे.

पण बागेत निळ्याची खोड कळली. दहा मिनिटं काम मिळालं नाही की तो आपला आपण बंद पडतो. पहिली आरोळी झाली, दुसरीच्या वेळी साहेब झोपलेले आणि पोपट घडांवर.

"पप्पा, जुनाच आणा. त्याला झोप नाय," अक्षदा म्हणाली.

पंपाच्या खोलीतून वायरने वीज घेतली आणि लॅपटॉपसकट माझी स्वारी माळ्यावर चढली. पहिल्याच आरोळीला पोपटांचा थवा भर्रकन उठला. "लई भारी! साळूच वरडतीय जणू!" भगवंतराव ओरडले. मी फुगून टुम्म झालो.

तेवढ्यात साळुबाई आल्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ती नजर मी ओळखली, निळ्याकडे मी तसाच बघत होतो. माझ्यावरही जळणारं कुणीतरी होतं, मित्रांनो. त्यांनी लॅपटॉपमधली माझी पिन ओढून काढली, गोफण घेतली आणि तोंड उघडलं.

"अगं नको! डॉक्टर काय म्हणलं व्हतं?" भगवंतराव धावले.

नुसती हवा बाहेर आली. जवळच्या घडावरच्या बुलबुलाने मानसुद्धा वळवली नाही. साळुबाईंनी गोफण खाली ठेवली. मग त्यांनी पिन आपल्याच हाताने परत लावली.

अक्षदाने प्रोग्रामातला पाव तास काढून टाकला. लॅपटॉपवरचं एक बटण दाखवत म्हणाली, "आई, पाखरं कवा येत्यात ते तुलाच ठावं. तूच दाब."

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा, हे मी सांगणारच होतो. पण कुणाच्या जागी नवं काही आणाल, तेव्हा त्या माणसाच्या हाती काहीतरी काम राहू द्या. माझ्यापुरतं म्हणाल, तर मी अजूनही जळतो. पाखरं उडाली की लोक साळुबाईंचं नाव घेतात, माझं कुणी काढत नाही. तरी बटण दाबलं की मी जीव खाऊन ओरडतो. डॉक्टरांनी सांगितलेला महिना संपायला अजून नऊ दिवस आहेत, आणि तेवढे दिवस त्यांनी गप्प राहायला हवं.