पालखीची लाल रेघ

शुक्रवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, नववी ‘ब’चा भूगोलाचा तास चालू असताना, संस्थेचे अध्यक्ष कमलाकरशेठ यांनी डिजिटल फळ्याची वायर स्वतःच्या हाताने प्लगमधून उपसली. फळा काळा झाला. त्याआधी त्यावर गावाचा नकाशा होता.

पनवेलहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची ही शाळा. फळा जूनमध्ये आला. उद्घाटनाला कमलाकरशेठच म्हणाले होते, “पोरांनो, पुस्तकातल्या गंगा-यमुना पुरे झाल्या. आता आपलं गाव या फळ्यावर आणा.” इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या कादंबरी मॅडमनी ते मनावर घेतलं.

पौषातल्या जत्रेत गावदेवीची पालखी निघाली, तेव्हा वर्गातली वेणू मोबाइल हातात धरून पालखीबरोबर चालली. मोबाइलने नोंदवलेली तिची वाट वर्गातल्या फळ्यावर, उपग्रहाने टिपलेल्या गावाच्या छायाचित्रावर निळ्या रेघेत उमटली. मग मॅडमनी त्याच जागेचं शाळा बांधण्यापूर्वीचं छायाचित्र उघडलं. देवळापासून तळ्यापर्यंतची पायवाट त्यात स्पष्ट दिसत होती. मुलांनी ती लाल रंगाने गिरवली आणि दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या. लाल रेघ सरळ गेली. निळी अर्ध्यात मोडली आणि नाल्याच्या कडेने, कचऱ्याच्या ढिगाला वळसा घालून कशीबशी तळ्यावर पोचली. ती मोडत होती तिथे शाळेची मागची भिंत होती.

“म्हणजे देवी कचऱ्यातून जाते?” प्रणितने विचारलं. वर्ग हसला. वेणू हसली नाही. यंदा पालखीखाली असताना तिच्या बाबांचा पाय त्या नाल्यात घसरला होता. ते अजून लंगडत होते.

मुख्याध्यापिका सुनंदाबाईंना मुलांचं काम आवडलं. सोमवारच्या तालुका प्रदर्शनासाठी त्यांनी ते निवडलं आणि कौतुकाने नकाशाचा फोटो संस्थेच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात अध्यक्ष वर्गात.

“हे कोणी काढलं?”

“मी,” वेणू उभी राहिली. “आनी सगल्यांनी.”

“कोणाची गं तू?”

“महादेवची. तुमी वलखता की, मामा. पालखीला तुमच्या मागचा खांदा माझ्या बाबांचा असतो.”

कमलाकरशेठ याच गावचे. पालखीला पहिला खांदा देण्याचा मान त्यांच्या घराचा. त्या निळ्या रेघेवर सगळ्यांत पुढे तेच चालले होते.

ते मॅडमकडे वळले. “ही लाल रेघ चूक आहे. पुसा.”

“कुठे चुकलीय ते दाखवा. दुरुस्त करते.”

“मला भूगोल शिकवू नका.”

“मी मुलांना शिकवत होते. तुम्ही मध्ये आलात.”

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. वायर निघाली ती तेव्हा.

फळा विझल्यावर अध्यक्षांचा आवाज उतरला, आणि शहरी मराठीही उतरली. “रेघ बरोबर हाय. मला काय म्हायीत नाय? त्या वाटेवर उघडा-नागडा खेळलोय मी. म्हनून तर सांगतो, पुसा. प्रदर्शनात कोनी इचारलं, गावच्या वाटेवर भिंत कशी घातली, तर?”

“तर उत्तर द्या,” मॅडम म्हणाल्या.

नकाशा वर्गाच्या खात्यात होता आणि पासवर्ड एकट्या मॅडमकडे. मधल्या सुट्टीत सुनंदाबाईंनी त्यांना ऑफिसात बसवून घेतलं.

“अगं, तुझं कंत्राट एप्रिलला संपतंय. एक रेघ ती. एवढं काय त्यात?”

“एवढं काहीच नसेल तर राहू दे ना.”

“मला पासवर्ड दे. मी पुसते. तुझ्या हातून नको.”

“जूनपासून मुलांना एकच सांगतेय बाई, जे दिसतं ते काढा. आता काय सांगू? कोणाची भिंत आहे ते आधी बघा, मग काढा?”

 सुनंदाबाईंनी चहा मागवला. मॅडमनी तो घेतला नाही. संध्याकाळी पासवर्ड न देताच त्या स्कूटरवरून सुकापूरला घरी गेल्या.

फोटो ग्रुपवरून ग्रुपवर फिरत गावात पोचला. रविवारी देवळात बैठक भरली. कमलाकरशेठ आले आणि खुर्ची असूनही खाली सतरंजीवर बसले. वेणूचे बाबा महादेव भिंतीला धरून उभे राहिले.

“नाल्यातनंच वाट हाय असं पोरांना सांगत आलो आमी. खरी वाट त्यांनी शोधली, आमी नाय. लाज वाटाला पायजे आमाला.” मग ते शेठकडे वळले. “पुढच्या पौषात पालखी लाल रेघेवरनं जानार. पयला खांदा तुमचा. भिंतीपाशी आल्यावर काय करनार?”

“बघू.”

“काय बघनार? दार हाय का तिथं?”

“शाळा कोनासाठी बांधली रे मी?” कमलाकरशेठ म्हणाले. “तुझी पोर फुकट शिकते तिथं.”

“शिकली ना. तेच तर झालंय.”

कोणी हसलं नाही. कमलाकरशेठ चपला शोधून बाहेर पडले.

सोमवारी दुपारी दोनपर्यंतची स्थिती अशी: पनवेलच्या प्रदर्शनात शाळेचं टेबल रिकामं आहे. वर्गातल्या फळ्याची वायर लोंबतेय. तिला हात लावायचा नाही असं शिपायाला बजावलंय. मुलांच्या मोबाइलवर नकाशा उघडतोय, लाल रेघेसकट. कादंबरी मॅडम ऑफिसबाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. आत कमलाकरशेठ आहेत. पासवर्ड अजून दिलेला नाही.